सुधारलेली बाळाक्का

परवा निपाणीला भाचीच्या लग्नात एक लांबची मावशी भेटली. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तोंडभरून म्हणाली, "सुधारलीस की गं!" परक्या मुलखातल्या माणसाला वाटेल, ही बाई आधी वाया गेलेली होती आणि आता ताळ्यावर आली. तसलं काही नाही हो. आमच्याकडं 'सुधारली' म्हणजे जाड झाली. अंग भरलं की माणूस सुधारला, आणि अंग उतरलं की 'वाळला'. सुधारलेल्या बाईचं घर सुखाचं आणि वाळलेल्या बाईच्या घरात काहीतरी पाणी मुरतंय, असा आमचा साधा हिशेब. मावशी पंगतीकडं वळली आणि मला भर मांडवात बाळाक्का आठवली. या एका शब्दानं तिचा जो घोटाळा केला, तो आठवून मी एकटीच हसत बसले आणि मग डोळे पुसत बसले. शेजारणीला वाटलं, नवरी मुलगी निघाली म्हणून रडतेय.

सत्तर सालानंतरची गोष्ट. आमचे हे बेळगावात पोस्टात होते. शहरात मनासारखी जागा मिळेना म्हणून आम्ही जवळच्या कंग्राळी गावात खोली घेतली. समोरचं घर बाळाक्काचं. मी सामान लावत होते, तोवर ही बाई सरळ आत आली, माझा दंड चिमटीत धरला आणि म्हणाली, "का गं, निपाणीत तंबाखूबरुबर पोरीबी वाळवत्यात काय?"

मला राग आला होता. पण तिच्या दुसऱ्या हातात गरम भाकरी होती आणि भाकरीवर लोण्याचा गोळा. रागावून सांगते कुणाला! त्या दिवसापासून माझं नाव 'निपाणी' पडलं. माझं खरं नाव तिला शेवटपर्यंत ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

'सुधारलेली' म्हटल्यावर तुम्हाला ती पहिल्यापासून गोल वाटली असेल. छे! तेव्हा ती अशी शेलाटी, चुणचुणीत होती की बघत राहावं. पिण्याचं पाणी गावाखालच्या ओढ्याजवळच्या विहिरीचं. जाताना उतार, येताना भरल्या घागरी घेऊन चढ. आम्ही बाकीच्या बायका मध्ये दोनदा टेकत होतो. बाळाक्का डोक्यावर घागर, घागरीवर कळशी आणि काखेत आणखी एक घेऊन आमच्या मधून निघून जायची, वर बोलणं चालूच. "पाय थांबला की त्वांड चालतंय बायकांचं. माजी दोन्ही चालत्यात." दळण डोक्यावर घेऊन पलीकडच्या गावातल्या गिरणीत जायची. मग शेतावर. तिचं खाणं गड्यासारखं होतं, पण ते सगळं त्या चढ-उतारावर जिरून जायचं.

मग गावात सुधारणा आली. म्हणजे सरकारी सुधारणा. नळ आला. तो बसवायचा कुठं म्हणून गल्लीत भांडणं लागली, तेव्हा बाळाक्कानं आपल्या कट्ट्याचा कोपरा देऊन टाकला. नळ तिच्या दारात बसला. पुढं शेजारच्या घरात पिठाची गिरणी सुरू झाली. बेळगावची बस वेशीपर्यंत यायची, ती वळायला जागा मिळते म्हणून थेट आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबायला लागली. शेताचे प्लॉट पडले. तिचा नवरा मारुतीअण्णा बेळगावात कारखान्यात लागला आणि म्हशी विकल्या. बाळाक्का कट्ट्यावर मांडी घालून बसायची आणि पदर सारखा करत जगाला ऐकवायची, "माज्या दारात समदं येतंय. म्या कुटं कशाला जाऊ?"

कट्टा म्हणजे तिचं कोर्ट. नळाला पाणी सुटलं की पहिला नंबर कुणाचा, हे ती ठरवायची. बाळंतिणीच्या घरची घागर आधी. शाळेच्या पोरांची आंघोळ खोळंबली असेल तर त्यांची आई आधी. शिव्या देणारी सगळ्यात शेवटी. आणि रांगेतली प्रत्येक बाई काही ना काही पदराखालून आणायचीच. शेंगाची चटणी घालून भाकरीचा तुकडा, आंबोळी, गुळाची पोळी. लाच म्हणू नका, माया होती ती. मांडीवर कायम चिरमुऱ्यांची पुरचुंडी. पगाराच्या दिवशी मारुतीअण्णा बेळगावातनं खव्याचा कुंदा आणायचा, त्यातला निम्मा गल्लीला आणि निम्मा तिला. कुणी काही पुढं केलं आणि बाळाक्का 'नको' म्हणाली, असं मी ऐकलेलं नाही. "दिलेल्याला न्हाय म्हनलं की देनाऱ्याचा हात मागं जातोय गं निपाणी. कसा दिसतोय तो हात?" असं ती म्हणायची, आणि खरंच, तो मागं जाणारा हात फार केविलवाणा दिसतो.

बघता बघता ती सुधारली. आधी गाल आले, मग दंड आले, मग चोळ्या नव्या आल्या. गल्लीला केवढा अभिमान! आमच्या गल्लीचं पाणी अंगी लागतं, म्हणायचे. कासार बांगड्या भरायला आला की तिचा हात हातात घेऊन देवाचं नाव घ्यायचा. एकदा त्यानं पेटारा बंद करून हात जोडले. "आक्का, आता तुमच्यासाठी बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावाच आणतो." ती इतकी हसली की तिच्या मांडीवरचे चिरमुरे कट्टाभर झाले.

तिला एकच लेक, शालन. ती जांबोटीच्या पलीकडं रानात दिली. "एवढी एकुलती एक पोरगी, आणि अस्वलांच्यात दिलीस?" असं सगळ्यांनी म्हणून घेतलं. जावई मात्र सोन्यासारखा. भातशेती, गुरं, आणि बायकोशी बोलताना आवाज खाली. जांबोटीपर्यंत बस, तीही आली तर आली. पुढं पायवाट. ओढ्यावर लाकडी साकव, साकवापुढं चढ, चढाच्या माथ्यावर शालनचं घर. गाडीबैलही जात नाही.

आमच्याकडं एक रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरी जेवायचं नाही. शालनला मूल होईना. वर्षं गेली. बाळाक्का कट्ट्यावर हसत असायची, पण गल्लीत कुणाची लेक ओटी भरून माहेरी आली की ती त्या दिवशी नळाचा न्याय मुकाट्यानं करायची. शेवटी एकदाची शालन बाळंतपणाला आली आणि मुलगी झाली. बाळाक्कानं सगळ्या गल्लीला साखर वाटली. नात हातात घेऊन म्हणाली, "आता माज्या लेकीच्या चुलीवरचं खानार मी. तिच्या दारात जाऊन, पाट मांडून." आमच्या भागात बायकाही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, तशी ती म्हणाली, "आलोच म्हनून समज, शालन!"

पावसानं उघडीप दिल्यावर ती निघाली. मारुतीअण्णा बरोबर. तिसऱ्या प्रहरी दोघं परत! बाळाक्का बसमधून उतरली ती कट्ट्यावर न बसता थेट आत गेली. मारुतीअण्णानं सांगितलं, की साकवापर्यंतसुद्धा पोचली नाही. श्वास पुरेना, गुडघे ऐकेनात. झाडाखाली बसली ती उठवेना. जावई धावत आला. म्हणाला, आत्या, डोली करतो, चौघं उचलून नेतो, आमच्याकडं आजाऱ्याला तसंच नेतात. तर ही म्हणाली, "मेल्याबिगार चौघांच्या खांद्यावर बसायची न्हाय मी." आणि तिथूनच माघारी फिरली. वर माथ्यावर शालन पोरीला घेऊन उभी होती म्हणे. हाका ऐकू येत होत्या.

मारुतीअण्णानं तिला बेळगावात दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, धारवाडकडच्या. घरात कन्नड, मराठी पुस्तकात वाचून शिकलेलं. त्यांनी तपासलं, वजन केलं आणि शुद्ध भाषेत सांगितलं, "अक्का, तुम्ही सुधारलं पाहिजे. सुधारला नाहीत तर तो चढ विसरा."

झालं! गल्लीत ही बातमी आली आणि सगळ्यांनी कपाळावर हात मारला. एवढी सुधारली तरी डॉक्टरला कमीच वाटतेय? म्हणजे आत काहीतरी पोखरतंय. हे अंग वरवरचं, ताकद नाही. चढ चढायचा म्हणजे ताकद नको? मग काय विचारता! गिरणीवालीनं रोज निरशा दुधात खारीक उकळून पाठवायला सुरुवात केली. कुणी गावठी अंडी आणली, कुणी तूप. मी डिंकाचे लाडू केले, चांगले मोठाले. आणि तिनं कट्ट्यावरून उठायचं नाही असा गल्लीचा हुकूम. घागर तर सोडाच, तांब्यासुद्धा तिला कुणी उचलू देईना. बाळाक्का बिचारी औषध म्हणून सगळं खायची. "शालनकडं जायचं हाय," म्हणायची आणि डोळे मिटून आणखी एक लाडू तोंडात टाकायची.

पुढच्या खेपेला मारुतीअण्णाला पाळी बदलून मिळेना, म्हणून मी बरोबर गेले. डॉक्टरीणबाईंनी काट्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि त्या खुर्चीत बसल्याच. "अक्का, मी काय सांगितलं होतं?"

"सुधार म्हनालासा की बाई. बगा, किती सुधारलो!" आणि हिनं मोठ्या उमेदीनं दंड पुढं केला.

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. मी डॉक्टरीणबाईंना शब्दाचा अर्थ सांगितला. त्या तोंडाला रुमाल लावून हसायला लागल्या. मग बाळाक्का हसायला लागली, तशी ती तपासायची खाटसुद्धा हसायला लागली. डोळे पुसून झाल्यावर बाईंनी तिचा हात धरला. पाणी कुठून आणता, विचारलं. दारात नळ आहे. दळण? शेजारी गिरणी. बाजार? दारात बस. शेत? गेलं. "मग अक्का, तुम्ही दिवसभरात चालता कुठं?"

"परसाकडंला जातो की!" बाळाक्का म्हणाली, आणि जरा थांबून म्हणाली, "तेबी औंदा मागल्या दारात बांधलंय."

बाईंनी समजावून सांगितलं. औषध थोडंच आहे. पहिल्यासारखं चालायचं, आणि लोक देतील ते खायचं नाही.

"लोकांला न्हाय म्हनू? आमच्या गल्लीत? त्यापरास इख द्या मला."

परत येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली. वेस दिसायला लागल्यावर म्हणाली, "समदं दारात आनलं गं निपाणी. लेकीचं दार तेवढं लांब ऱ्हायलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं घागर घेतली आणि दारातला वाहता नळ सोडून खालच्या विहिरीकडं निघाली. गल्लीत एकच गदारोळ. भांडण झालं काय? अण्णा काही बोलला काय? गिरणीवालीनं धावत जाऊन तिच्या हातातली घागर काढून घेतली. "आम्ही मेलोय काय, आक्का?" तिसऱ्या दिवशी ती नुसतीच, रिकाम्या हातानं चालायला निघाली, तर कंडक्टरनं बस तिच्या बाजूला उभी केली. "हत्त्री अक्का, हत्त्री!" चढा, चढा. नाही म्हटलं तर त्याला वाईट वाटणार, म्हणून ही चढली आणि जिथनं निघाली तिथंच येऊन उतरली. आणि खाणं? शब्दाचा घोटाळा मी गल्लीत समजावून सांगितला, तरी वाट्या येतच होत्या. एका बाईची वाटी परत केली, तर ती बाई घरात जाऊन रडली. आता सांगा, शत्रू असते तर बाळाक्कानं एकेकाला उभं चिरलं असतं. पण हे सगळे जीव लावणारे. यांच्याशी लढायचं कसं?

दोन-चार दिवस ती कट्ट्यावर विचार करत बसली. मग एका सकाळी, नळावर रांग पूर्ण लागलेली असताना, तिनं हात जोडून जाहीर केलं. "बायांनो, मी नवस बोललोय. हिरीवरच्या आईला रोज माज्या पायानं जाऊन पानी घालनार, तिथलंच पानी आनून पिनार. आनी लेकीच्या घरातला घास खाईपतोर दुसऱ्या कुनाच्या हातचं खानार न्हाय. कुंदाबी वर्ज. बशीतबी बसनार न्हाय, जांबोटीची सोडून."

विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेला एक दगड होता खरा. त्याला 'आई' म्हणतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी तिच्याकडं बघितलं, तर तिनं एक डोळा बारीक केला. नंतर म्हणाली, "देव काय उलटा बोलतोय व्हय? मानसंच बोलत्यात. त्यांचं त्वांड बंद कराय देव लागतोय."

नवस म्हटल्यावर विषय संपला. आमच्याकडं डॉक्टर काय म्हणतो याला किंमत नाही, नवसाला आहे. वाट्या परत पदराखाली गेल्या. कंडक्टर तिला बघून बस हळू करायचा आणि स्टेअरिंगवरचा ड्रायव्हरसुद्धा नमस्कार करायचा. सुरुवातीला ती कळशी घेऊन जायची, तीही चढावर दहा ठिकाणी टेकत. मागनं मारुतीअण्णा. तो म्हणायचा, मी आपलं शेत बघायला चाललोय. शेत कुठं होतं आता? प्लॉटचे दगड होते. पण तो रोज ते दगड बघायला जायचा आणि बायको टेकली की तोही टेकायचा, चार पावलं मागं, विडी काढून. ती उठली की विडी विझवायचा. मला ते दोघं फार आवडायचे. एकदा मी माझ्या ह्यांना म्हटलं, असं कधी माझ्या मागनं चालाल काय? ते म्हणाले, आधी माझा डबा भर.

दसरा गेला, दिवाळी गेली. दिवाळीत गल्लीभर करंज्यांचा वास आणि बाळाक्का आपल्या चुलीपुढं आपली भाकरी खात बसलेली. मला तिचा जीव कळत होता. "वास घेतला तर नवस मोडत न्हाय न्हवं?" असं तिनं मला विचारलं, आणि मी एक करंजी तिच्या नाकाखाली धरून परत घेऊन आले. इतकं हसलो आम्ही, इतकं हसलो, की नंतर मला घरी येऊन रडू आलं.

ती उतरायला लागली तशी गल्ली हळहळायला लागली. "वाळली बिचारी!" बाहेरगावच्या बायका मारुतीअण्णाला ऐकवायच्या, "बायकोला घालतासा की न्हाय पोटाला?" तो माणूस मान खाली घालून ऐकून घ्यायचा. एकदाही म्हणाला नाही, की तिचं तिनं ठरवलंय. कासार मात्र खूष झाला. बांगडी सरकन हातात गेली, तेव्हा त्यानंच टाळी वाजवली.

तशी ती काही पहिल्यासारखी शेलाटी झाली नाही, उगाच खोटं कशाला सांगू. गोलच होती. पण चढ एका दमात चढायला लागली, डोक्यावर घागर घेऊन. मग म्हणाली, "चल निपाणी, जांबोटीला. म्या पडलो तर उचलाय न्हवं, बगाय चल."

मी साकवापर्यंत गेले. पुढं गेले असते तर परतीची बस चुकली असती. जावई अलीकडं घ्यायला आलेला, पण तिनं त्याला पुढं पिटाळलं. साकवावर पाय ठेवायच्या आधी तिनं वहाणा काढून हातात घेतल्या आणि लाकडाला नमस्कार केला. मारुतीअण्णा चार पावलं मागं. पलीकडच्या चढावर ती टेकली, उठली, पुन्हा टेकली. वर शालन उभी होती, पोरगी आता तिच्या कडेवरून उतरून पायाशी उभी राहायला शिकलेली. शालन खाली धावायला निघाली तशी बाळाक्का ओरडली, "थांब तितंच! मी येतोय! माज्या पायानं येतोय!" रानात तो आवाज घुमला. मी अलीकडच्या काठावर उभी राहून भोकाड पसरलं, ओढ्याला आवाज होता म्हणून बरं.

नंतर मारुतीअण्णानं सांगितलं. शालननं पाट मांडला, रांगोळी घातली. तांदळाची भाकरी, नाचणीचं आंबील आणि मिरचीचा ठेचा. पहिला घास नातीनं भरवला. बाळाक्का तो घास तोंडात तसाच धरून बसली, चावेचना तिला. शालन घाबरली, आई, तिखट झालं काय? ती म्हणाली, "न्हाय गं. घटकाभर ऱ्हाऊ दे."

आठवड्यानं ती परत आली. नवस फिटला म्हणून गल्ली तयारच होती. बस थांबली तर कट्ट्यावर वाट्यांची रांग. कुंदा, करंज्या, मोदक. कुणी सणाचं राखून ठेवलेलं, कुणी आज मुद्दाम केलेलं. बाळाक्का कट्ट्यापाशी उभी राहिली. सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. सगळे हात पुढं आलेले. मला वाटलं, संपलं आता. या हातांना ही नाही म्हणूच शकत नाही.

तिनं कुंद्याच्या वाटीतला मुगाएवढा कण उचलला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले. मग हात जोडून म्हणाली, "बायांनो, आईचा परसाद झाला ह्यो. पर काय करू, शालनला पुन्यांदा दिवस गेल्यात. मी तितनंच दुसरा नवस बोलून आलोय."

शालनला दिवस खरंच गेले होते की नाही, हे मी विचारलं नाही.

पुढं ह्यांची बदली हुबळीला झाली. आम्ही पहाटे पहिल्या बसनं निघालो. बाळाक्का निरोपाला आली नव्हती. मला वाईट वाटलं, पण गल्लीच्या तोंडाशी बस वळली आणि ती दिसली. विहिरीच्या वाटेनं वर येत होती, डोक्यावर घागर, आणि चार पावलं मागं मारुतीअण्णा. कंडक्टरनं सवयीनं बस हळू केली आणि दारात लोंबकळून हाक घातली, "हत्त्री अक्का!"

तिनं घागर धरलेला हात तसाच ठेवला आणि दुसऱ्या हातानं, जा जा, अशी खूण केली. तेवढ्यात खिडकीत मी दिसले. "निपाणी!" ती ओरडली. "हुबळीत दारात नळ असंल गं तुज्या! जपून!"

बस पुढं गेली. मी मागं वळून बघितलं, तर ती टेकली नव्हती, चालतच होती.